गवंड्याची दोरी आणि दहावीचा क्ष

आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात रोज रात्री आठ ते दहा अभ्यासवर्ग चालतो. दोन ट्यूबलाइट, एक फळा, चार चटया आणि पंचवीस-तीस मुले एवढाच त्याचा पसारा. आम्ही शिक्षक नव्हेत. दिवसभर कचेरीत फायली हलवतो, संध्याकाळी घरी चहा घेतो आणि खडू खिशात टाकून तिकडे जातो. मुले आम्हाला काका म्हणतात, त्यांचे पालक भाऊसाहेब म्हणतात.

गेल्या ऑगस्टमध्ये शाळेत पहिली घटक चाचणी झाली. पेपर हातात आले त्या रात्री दहावीतील एक मुलगी सगळ्यांच्या मागे थांबली आणि दोन उत्तरपत्रिका आमच्यापुढे ठेवल्या. बीजगणितात वीसपैकी सोळा, भूमितीत वीसपैकी तीन.

"काका, मी भूमिती सोडून देते," ती म्हणाली. "बीजगणित चांगलं जातं मला. त्यावर शाळेचे वीस धरले तरी गणितात पास होते."

हिशेब चुकीचा नव्हता. दोन्ही भाग मिळून गणित हा एकच विषय आणि पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात. भूमितीत भोपळा मिळाला तरी मुलगी नापास झाली नसती. पण तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा आहे आणि त्याची यादी गुणांवर लागते. शिवाय सिव्हिलमध्ये जाणाऱ्याने भूमिती सोडायची म्हणजे स्वयंपाकाला निघालेल्याने चूल सोडायची. तिचे वडील गवंडी आहेत, जालन्याकडून कामासाठी इकडे आलेले. आई चार घरची धुणीभांडी करते. "साइटवर साहेबाच्या हातात नकाशा असतो आणि बाबांच्या हातात दोरी," असे ती एकदा बोलून गेली होती. तेवढ्यावरून आम्हाला काय ते समजले होते.

आम्ही तिला उपदेश केला नाही, कारण आम्हाला तो अधिकारच नाही. आम्ही १९९६ साली दहावी झालो. त्या वेळी बीजगणित पंचाहत्तर आणि भूमिती पंचाहत्तर गुणांची. आम्हाला भूमितीत एकोणतीस मिळाले आणि त्या धसक्याने आम्ही कॉमर्सला गेलो. तिथे गणित नाही असे कोणीतरी सांगितले होते. ते खरे नव्हते, पण तोवर फॉर्म भरून झाला होता! आपल्या घरांत असे निर्णय बहुधा असेच होतात. विचारायला कोणी नसते आणि मुदत संपत आलेली असते.

त्या मुलीच्या दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहताना मात्र एक गोष्ट आमच्या लक्षात आली. भूमितीतली जी उदाहरणे तिने कोरी सोडली होती, त्यांतली निम्मी बीजगणिताची होती. तिला येत होती तीच उदाहरणे त्रिकोणाचे कपडे घालून आली आणि तिने ओळख दाखवली नाही. यात मुलीचा दोष थोडा आणि रीतीचा जास्त. २०१८ साली आलेली दहावीची पुस्तके उघडून पाहा. भाग १ मधला दुसरा धडा वर्गसमीकरणांचा, भाग २ मधला दुसरा धडा पायथागोरसच्या प्रमेयाचा. हे दोन्ही धडे सख्खी भावंडे आहेत, पण एकाचे बिऱ्हाड एका पुस्तकात आणि दुसऱ्याचे दुसऱ्यात. वह्या वेगळ्या, तास वेगळे, परीक्षेचा दिवसही वेगळा. मग मुलांनी त्यांचे नाते कसे ओळखावे?

आम्ही फळ्यावर आधी कचेरीतला हिशेब मांडला. सकाळची शिल्लक ३,२०० रुपये. दिवसभरात जमा किती झाली ते पान फाटले आहे. खर्च १,८५०. संध्याकाळची शिल्लक ४,१००. तर जमा किती? फाटलेल्या आकड्याच्या जागी क्ष लिहिला. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो. आम्ही क्ष लिहितो, कारण आमच्या हाताला तोच वळणाचा आहे.)

३,२०० + क्ष − १,८५० = ४,१००

मुलीने तोंडीच सांगितले, २,७५०. बरोबर! क्षमध्ये गूढ असे काही नसते. जो आकडा ठाऊक नाही त्याला तो सापडेपर्यंत दिलेले ते नाव असते. हरवलेला आकडा शोधायला ताळा मात्र पक्का लागतो. जमाखर्चात शिल्लक जुळलीच पाहिजे, म्हणूनच फाटलेले पान सापडते.

त्रिकोणालाही असा ताळा आहे. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. त्रिकोण लहान असो, मोठा असो, उभट असो की पसरट, ती बदलत नाही. माता-भगिनींनो, घरी जुने कॅलेंडर असेल तर त्याच्या पानाचा कसाही त्रिकोण कापा, त्याचे तिन्ही कोपरे हाताने फाडा आणि टोके एका ठिकाणी आणून शेजारी शेजारी लावा. खालची कड सरळ रेषेत येते. सरळ रेषेचा कोन १८०. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. पुस्तकातली रीतसर सिद्धता मोठेपणी होईलच.

मग आम्ही विचारले, "तीन भावंडांत १८० रुपये वाटायचे. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट, तिसऱ्याला पहिल्यापेक्षा २० जास्त. प्रत्येकाला किती?"

क्ष + २क्ष + क्ष + २० = १८०

म्हणजे ४क्ष = १६०, क्ष = ४०. चाळीस, ऐंशी आणि साठ. तिला अर्धा मिनिटही लागला नाही. आम्ही 'भावंडे' पुसून 'कोन' लिहिले, 'रुपये' पुसून 'अंश' लिहिले आणि काही बोललो नाही. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत बसली.

"पण काका, बाजूंचं तसं नसतं," ती म्हणाली. आणि ते खरेच होते. बाजूंची बेरीज ठरलेली नसते. तिने चाचणीत कोरे सोडलेले उदाहरण बाजूंचेच होते. काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू या लागोपाठच्या तीन संख्या आहेत, तर त्या कोणत्या? "एकही बाजू दिलेली नाही, मग काढायच्या कशा?" असे तिचे म्हणणे. आम्ही फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढला आणि विचारात पडलो.

बाहेर पाऊस होता. साडेनऊच्या सुमारास तिचे वडील डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन तिला न्यायला आले आणि दारातच पाय पुसत उभे राहिले. फळ्यावरचा त्रिकोण पाहून म्हणाले, "भाऊसाहेब, हे तर आमचं तीन-चार-पाच."

आम्ही त्यांना आत बसवले. "भाऊ, पोरीला जरा नीट सांगा की."

ते सांगायला लाजले, पण हाताने दाखवू लागले तशी भीड गेली. घराची आखणी करताना पहिला कोपरा धरायचा. तिथून एका भिंतीच्या दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीच्या दोरीवर चार फुटांवर खूण. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजायचे. पाच भरले तर कोपरा गुण्यात. पाचाच्या वर गेले तर कोपरा फाकला, कमी भरले तर मिटला. मग एक दोरी हलवायची. घर मोठे असेल तर तीन-चार फुटांत चूक दिसत नाही, म्हणून सहा-आठ-दहा धरायचे. सतराव्या वर्षी मिस्त्रीने त्यांना हे शिकवले.

"पण पाचच का?" आम्ही विचारले.

"का ते कुणी सांगितलं नाही भाऊसाहेब. येतं."

तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, तोच पाचचा वर्ग. काटकोन त्रिकोणात काटकोनाजवळच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज ही समोरच्या लांब बाजूच्या, म्हणजे कर्णाच्या, वर्गाएवढी असते, हे पायथागोरसचे प्रमेय. यात एक खुबी आहे आणि ती मुलांकडून नेहमी निसटते. प्रमेय सांगते की कोन काटकोन असेल तर वर्ग जुळतात. गवंड्याला हवे असते उलटे. वर्ग जुळले तर कोन काटकोन आहे, असे म्हणता येईल का? येते. पुस्तकात ते प्रमेयाचा व्यत्यास म्हणून वेगळे दिले आहे आणि मुले ते दोन गुणांसाठी पाठ करतात. आखणीच्या दोरीवर सगळे घर त्या व्यत्यासावर उभे असते, हे कोणी सांगत नाही.

बाजूंचा ताळा आता मिळाला होता. मधल्या बाजूला क्ष म्हटले, तर आधीची क्ष − १ आणि पुढची क्ष + १.

(क्ष − १) चा वर्ग + क्ष चा वर्ग = (क्ष + १) चा वर्ग

मुलीने झरझर सोडवले. क्ष वर्ग वजा १, अधिक क्ष वर्ग, बरोबर क्ष वर्ग अधिक १. म्हणून क्ष वर्ग = २, क्ष = १.४१. तिने वर पाहिले. वडिलांनी विचारले, "किती आलं?" ती म्हणाली, "एक पूर्णांक एक्केचाळीस."

"आमचं तर चार असतंय," ते म्हणाले.

अक्षर न पाहता त्यांनी चूक पकडली होती, कारण उत्तर त्यांच्या हातात तीस वर्षे होते. चूक आम्हाला दिसत होती. (क्ष + १) चा वर्ग म्हणजे क्ष वर्ग अधिक १ नव्हे, मधले २क्ष राहिले. बीजगणिताच्या पेपरात ती हे सूत्र कधी चुकत नाही. तिथे ते सूत्र म्हणून ठाऊक असते. त्रिकोणात आल्यावर हात सुटतो. आम्ही सूत्र पुन्हा घोकायला सांगणार होतो, तेवढ्यात सुचले आणि आम्ही तिच्या वडिलांना विचारले, "भाऊ, एक चौरस खोली आहे. दोन्हीकडून सारख्याच फरश्या बसतात. मालक म्हणाला, दोन बाजूंनी एकेक ओळ वाढवा, खोली चौरसच राहू द्या. जास्त फरश्या किती आणाल?"

त्यांनी हवेत बोट फिरवले. "एका बाजूला एक ओळ. दुसऱ्या बाजूला एक ओळ. आणि कोपऱ्यावर एक फरशी राहते, ती."

आम्ही चित्र काढले. मोठा चौरस क्ष वर्ग, दोन ओळी म्हणजे २क्ष, कोपऱ्यातली १. मुलगी काहीच बोलली नाही, पण तिने खडू घेतला. उणे एकचे तिला स्वतःलाच सुचले. दोन बाजूंच्या ओळी काढल्या तर २क्ष वजा होतात, पण कोपऱ्यातली फरशी दोनदा मोजली जाते म्हणून एक परत मिळवायची.

क्ष वर्ग − २क्ष + १ + क्ष वर्ग = क्ष वर्ग + २क्ष + १

दोन्हीकडचा एक गेला, एक क्ष वर्ग गेला. राहिले क्ष वर्ग = ४क्ष. म्हणजे क्ष = ४, नाहीतर क्ष = ०. शून्य लांबीची भिंत नसते, ते उत्तर सोडायचे. (परीक्षेत ते का सोडले हे एका ओळीत लिहावे, गुण मिळतो.) म्हणून बाजू तीन, चार, पाच. आणि समीकरणाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मिस्त्रीलाही ठाऊक नसावी. लागोपाठच्या संख्यांत काटकोन करणारे त्रिकूट हे एकच. सहा-सात-आठ घ्या, शंभर-एकशेएक घ्या, जमणार नाही.

"म्हणजे दुसरं नाहीच?" वडिलांनी दोनदा विचारले. लागोपाठचे नाही. बाकीची पुष्कळ आहेत. ५, १२, १३ आहे, ७, २४, २५ आहे. लहान बाजू कोणतीही विषम संख्या घ्या, तिच्या वर्गातून एक वजा करून निम्मे करा, मधली बाजू मिळते, तिच्यापुढची संख्या हा कर्ण. नऊ घेतले तर ऐंशी-एकचे, म्हणजे एक्याऐंशीतून एक गेले, राहिले ऐंशी, निम्मे चाळीस. ९, ४०, ४१. का, ते शोधायला आम्ही मुलीला सांगितले. तिने दोन दिवसांनी आणून दाखवले. कर्ण मधल्या बाजूपेक्षा एकाने मोठा धरला की तीच फरशीची गोष्ट.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी निघाली. विहाराच्या आवारातल्या ध्वजस्तंभाची उंची नक्की किती यावर तरुण मुलांत वाद झाला. कोणी बारा फूट म्हणे, कोणी अठरा. रंगवणारा फुटावर पैसे घेणार होता, म्हणून खांब रंगवायला आडवा करण्याआधीच त्याला आकडा हवा होता. आम्ही वर्गालाच काम दिले. खांबाच्या टोकाला दोरी होतीच. ती सरळ खाली सोडली तर जमिनीवर दोन फूट लोळत होती. मग दोरी ताणून टोक जमिनीला टेकेपर्यंत बाजूला नेली. खांबाच्या बुडापासून ते टोक आठ फुटांवर टेकले. खांब क्ष, दोरी क्ष + २, जमीन ८.

क्ष वर्ग + ६४ = (क्ष + २) चा वर्ग

या वेळी मुलीने मधल्या दोन ओळी विसरल्या नाहीत. उजवीकडे क्ष वर्ग + ४क्ष + ४. क्ष वर्ग दोन्हीकडून गेला, ४क्ष = ६०, क्ष = १५. पंधरा फूट! रंगवणाऱ्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी खांब आडवा केला आणि टेप लावली. पंधरा फूट दोन इंच.

मुले हिरमुसली. पण दोन इंच गेले कुठे, हेही समीकरणच सांगते. क्षच्या जागी पंधरा फूट दोन इंच घालून जमिनीवरचे अंतर उलटे काढले, तर आठ फूट आणि अर्धा इंच येते. जमिनीवर मोजताना अर्ध्या इंचाची चूक झाली होती आणि वर जाईपर्यंत तिचे दोन इंच झाले. गवंडी मोठ्या कोपऱ्याला सहा-आठ-दहा का धरतात, ते मुलांना त्या दिवशी नीट समजले.

दोरी पोचत नाही तिथे कोन लागतो. वस्तीच्या पाण्याच्या टाकीची उंची मुलांनी कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून काढली. ४५ अंशांत टोक दिसेल तिथवर मागे सरकायचे. तिथे अंतर आणि उंची सारखी होते, फक्त डोळ्यांपर्यंतची आपली उंची मिळवायची विसरू नये. बुडापर्यंत जाताच येत नसेल तर दोन जागांवरून दोन कोन घ्यायचे. समजा एका जागेवरून टोक ६० अंशांत दिसते आणि ४० मीटर मागे सरकल्यावर ३० अंशांत. उंची क्ष, जवळच्या जागेपासूनचे अंतर य. पहिल्या त्रिकोणात क्ष = य गुणिले वर्गमूळ ३, दुसऱ्यात क्ष = (य + ४०) भागिले वर्गमूळ ३. दोन्ही क्ष सारखे, म्हणून ३य = य + ४०, य = २०, आणि उंची सुमारे ३४.६४ मीटर. दहावीला हे उदाहरण या ना त्या रूपात येते. एकाच त्रिकोणात दोन गोष्टी अज्ञात असल्या तर दोन समीकरणे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

हिंदुस्थानची मोजणी याच रीतीने झाली. १८०२ साली मद्रासजवळ एक सरळ पट्टा साखळीने मोजला, त्याच्या दोन टोकांवरून कोन घेतले, पहिला त्रिकोण पुरा केला, त्याच्या बाजूवर दुसरा रचला. असे त्रिकोणामागून त्रिकोण मोजणीची माणसे हिमालयापर्यंत गेली. राधानाथ शिकदार हे बंगाली गृहस्थ त्या खात्यात गणनेचे काम करीत. १८५२ साली त्यांच्या हिशेबातून एक शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे निघाले. १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. शिखराला नाव मात्र मोजणी खात्याच्या आधीच्या इंग्रज अधिकाऱ्याचे, एव्हरेस्टचे पडले. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. शिखरावर पाय न ठेवता, मैलोगणती दुरून, कागदावर काढलेला आकडा तीसच फुटांनी चुकला! आमचा ध्वजस्तंभ पंधरा फुटांत दोन इंचांनी चुकला होता, हे वर्गातल्या एका वात्रट मुलाने तेव्हाच बोलून दाखवले.

काटकोनाची त्रिकुटे तर फारच जुनी. बाबिलोनची एक मातीची पाटी आहे, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर अशा त्रिकोणांचे आकडे कोरले आहेत. पहिल्याच ओळीतून ११९, १२० आणि १६९ हा त्रिकोण निघतो. मुलांनी वर्ग करून पाहिले, १४,१६१ आणि १४,४०० यांची बेरीज २८,५६१, ताळा जुळतो. ही पाटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले तेव्हा ती तिथे पोचलेली नव्हती, पुढे आली. आपल्याकडे शुल्बसूत्रांत वेद्या रचण्यासाठी दोरीने काटकोन काढण्याच्या रीती आहेत. शुल्ब म्हणजे दोरीच. ती दोरी धरणाऱ्यांची नावे ग्रंथांत येत नाहीत, आणि तो ग्रंथ वाचण्याची सोय त्यांच्या लेकरांना नव्हती. हे सांगितले तेव्हा मुलीचे वडील आपल्या तळहाताकडे पाहत होते. आम्ही विषय पुढे नेला.

ध्वजस्तंभासारखेच मोडक्या बांबूचे एक उदाहरण आहे. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गणितग्रंथात ते आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतही आहे, आकडे तेवढे निराळे. भास्कराचार्यांचा बांबू ३२ हातांचा. वाऱ्याने मोडला, पण तुटून पडला नाही, त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उभ्या राहिलेल्या तुकड्याला क्ष म्हणा, मोडलेला ३२ − क्ष. फरश्या काढून टाकण्याची गोष्ट आठवली म्हणजे झाले. आई-वडिलांनी मुलांबरोबर बसून करून पाहावे. उत्तर पूर्णांकात येते, आणि शेवटी दोन्ही तुकड्यांची बेरीज ३२ होते का हा ताळा घ्यायला चुकू नये.

आमच्या वर्गात हे उदाहरण सर्वांत आधी त्याच मुलीने सोडवले असे लिहायला आम्हाला आवडले असते. पण तिच्याआधी नववीतल्या एका मुलाने सोडवले. तिला राग आला, तो दोन दिवस टिकला.

जानेवारीच्या दुसऱ्या घटक चाचणीत तिला भूमितीत वीसपैकी तेरा मिळाले. पायथागोरसचे सगळे बरोबर. त्रिकोणमितीत एक आकृती चुकीची काढल्यामुळे दोन गुण गेले. उरलेले पाच गुण रचनेत गेले, समीकरणाचा तिथे काही उपयोग नव्हता. कंसाच्या रेघा जाड आणि हललेल्या होत्या. आम्ही तिची कंपासपेटी मागून पाहिली. थोरल्या भावाची होती, त्याच्याआधी चुलत भावाची. कंपासचा स्क्रू ढिला झाला होता, पेन्सिल धरली की टोक सरकत होते.

त्या रात्री तिचे वडील न्यायला आले तेव्हा आम्ही त्यांना तो कंपास दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, पिशवीतून पक्कड काढली, स्क्रू आवळला आणि फळ्याखालच्या फरशीवर एक वर्तुळ काढून पाहिले. सुरुवात आणि शेवट एका जागी मिळाले. मग त्यांनी पक्कड आत ठेवली आणि मुलीला म्हणाले, "चल, उशीर झाला."